रिता व्हायला दिवस, भरायला वर्षं



  

आजचा विषय आहे देशाचा आपत्कालीन तेलसाठा. त्यातही मला एकाच प्रश्नावर बोलायचं आहे. हा साठा एकदा वापरला, तर पुन्हा भरायला किती काळ लागतो? आणि तो भरण्याची जबाबदारी नेमकी कोणाची?

गोंदियात तेलावर व्याख्यान कशाला, असं कुणाच्या मनात येईल. समुद्र इथून किती लांब! पण चिखलणीचा ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. हार्वेस्टर डिझेलवर चालतो. धान गिरणीत नेणारा आणि तांदूळ गोदामात पोचवणारा ट्रक डिझेलवर चालतो. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शंभरात पंच्याऐंशीहून जास्त वाटा बाहेरून येतो. इराणच्या आखाताच्या तोंडाशी होर्मुझची सामुद्रधुनी आहे. तिथे गडबड झाली, तर तिची झळ अर्जुनी मोरगावच्या बांधीपर्यंत यायला फार दिवस लागत नाहीत.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. साठा म्हणजे काय, तो कसा राखतात आणि हयगय केली की कसा हातचा जातो, हे या जिल्ह्याला इतर कोणापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्याकडे मी शेवटी येणारच आहे.

तीन मुद्दे मांडतो. पहिला, आपल्याकडे साठा आहे तरी किती. दुसरा, रिता होणं झटपट आणि भरणं संथ, असं का होतं. तिसरा, भरायचं कधी आणि कोणी.

पहिला मुद्दा: आपल्याजवळ काय आहे?

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झालं आणि अरब देशांनी तेल रोखलं. तीन डॉलरच्या आसपास मिळणारं पिंप काही महिन्यांत अकरा-बारा डॉलरवर गेलं. या धक्क्यातून जगानं धडा घेतला. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली आणि सदस्य देशांनी निदान ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतकं तेल राखावं असा दंडक घातला गेला. १९७५ मध्ये अमेरिकेनं राष्ट्रीय तेलसाठ्याचा कायदा केला, त्याच वर्षी जपाननंही केला.

आपण त्या वेळी काय करत होतो? १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या सागरी रिगला मुंबईच्या समुद्रात तेल लागलं. बॉम्बे हाय सापडलं, देशाला मोठा दिलासा मिळाला. पण घरचं तेल सापडणं वेगळं आणि संकटासाठी तेल राखणं वेगळं. १९९० मध्ये आखाती युद्धाचं संकट आलं, तेव्हा आपल्याजवळ राखीव तेल नव्हतं आणि ते घ्यायला परकीय चलनही नव्हतं. त्या दिवसांची आठवण इथल्या ज्येष्ठांना नक्की असेल.

त्यानंतर राष्ट्रीय साठ्याची चर्चा सुरू झाली. मुंबईचे खासदार राम नाईक १९९९ ते २००४ या काळात पेट्रोलियम मंत्री होते. ती कारकीर्द संपते न संपते तोच, २००४ च्या जूनमध्ये, या कामासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. पहिली गुहा तयार व्हायला मात्र २०१५ साल उजाडलं. आज विशाखापट्टणमला १३.३ लाख टन, मंगळूरला १५ लाख टन आणि उडुपीजवळ पाडूरला २५ लाख टन मावतील एवढ्या जागा आहेत. एकूण ५३.३ लाख टन, म्हणजे साधारण ३ कोटी ९० लाख पिंपं. एका पिंपात १५९ लिटर.

ही जागा कशी आहे, हे क्षणभर डोळ्यांपुढे आणा. जमिनीखाली अखंड खडकात प्रचंड बोगदे खोदलेले आहेत. आत पोलादाचं अस्तर नाही. मग तेल झिरपून का जात नाही? गुहांच्या वरच्या अंगाला लहान बोगदे आहेत. त्यांतून खडकात बारीक छिद्रं पाडून सतत पाणी सोडलं जातं. खडकातल्या पाण्याचा दाब आतल्या तेलाच्या दाबापेक्षा जास्त राखायचा, की पाणी तेलाला चहूबाजूंनी आत रेटतं. थोडं पाणी आत पाझरतं, तळाशी साचतं, ते उपसून काढतात. हा पहारा एक दिवसही थांबवता येत नाही. गुहा खोदली, तेल भरलं, कुलूप लावलं, असं हे काम नाही.

आता हिशेब. या सगळ्या गुहा काठोकाठ भरल्या, तर २०१९-२० च्या खपाच्या हिशेबानं देशाची साडेनऊ दिवसांची कच्च्या तेलाची गरज भागते. तेल कंपन्यांच्या टाक्यांत असलेलं आणखी साडेचौसष्ट दिवसांचं धरलं, तर ७४ दिवस. पण कंपनीच्या टाकीतलं तेल रोजच्या व्यापाराचं असतं, ते फिरतं असतं. सरकारच्या हातातला, फक्त संकटासाठी राखलेला साठा साडेनऊ दिवसांचा, आणि तोही गुहा भरलेल्या असतील तर. हा 'तर' फार मोठा आहे.

दुसरा मुद्दा: भरायला एवढा वेळ का?

यासाठी अमेरिकेकडे पाहू. कारण जगातला हा सर्वांत मोठा सरकारी प्रयोग आहे आणि त्याची नोंद उघड आहे.

टेक्सास आणि लुइझियानाच्या किनाऱ्यावर जमिनीखाली मिठाचे अवाढव्य घुमट आहेत. त्यांत गोडं पाणी सोडून मीठ विरघळवलं आणि गुहा तयार केल्या. एकेका गुहेत साधारण एक कोटी पिंपं मावतात. १९७७ च्या जुलैत पहिलं तेल आत गेलं. साठा शिगेला कधी पोचला? २००९ च्या अखेरीस, ७२ कोटी ६६ लाख पिंपांवर. बत्तीस वर्षं लागली!

आणि रितं व्हायला? रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर, २०२२ च्या वसंतात, अमेरिकेनं १८ कोटी पिंपं बाजारात सोडायचं ठरवलं. दिवसाला दहा लाख पिंपं, सहा महिने. त्यासोबत आधी कायद्यानं ठरलेल्या विक्रीही चालूच होत्या. २०२३ च्या जुलैत साठा ३५ कोटींच्या खाली आला. इतका कमी तो चाळीस वर्षांत नव्हता.

मग भरणं सुरू झालं. महिन्याला साधारण तीस लाख पिंपांच्या बेतानं. तुम्हीच भागाकार करून पाहा. १८ कोटींना ३० लाखांनी भागलं की साठ महिने, म्हणजे पाच वर्षं. काही महिन्यांत दिलेलं परत आणायला पाच वर्षं! २०२४ च्या अखेरीस साठा जेमतेम ३९ कोटींच्या वर पोचला होता.

असं का होतं? कारणं नीट समजून घेऊ.

एक, यंत्रांचं कारण. मिठाच्या गुहेतून तेल काढायचं असेल, तर खालून पाणी सोडतात. तेल हलकं, ते वर येतं. हे वेगानं करता येतं. अमेरिकेच्या साठ्याची रचनाच दिवसाला ४४ लाख पिंपं काढण्याच्या बेतानं केलेली आहे. भरताना मात्र वरून तेल घालायचं आणि खालचं खारं पाणी बाहेर काढायचं. एवढं खारं पाणी टाकायचं कुठे? त्यालाही वाहिन्या लागतात, परवाने लागतात, मर्यादा असते. म्हणून भरण्याचा सर्वाधिक वेग काढण्याच्या वेगाच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी. शिवाय प्रत्येक वेळी आत गेलेलं पाणी आणखी थोडं मीठ विरघळवतं, गुहेचा आकार बदलतो. काढघाल अमर्याद वेळा करता येत नाही.

दोन, बाजाराचं कारण. संकट आलं म्हणून आपण तेल सोडलं. संकट संपलं की लगेच सगळेच देश विकत घ्यायला निघतात. सरकार मोठा गिऱ्हाईक. ते बाजारात उतरलं की भाव आणखी चढतो. ज्या महागाईतून लोकांना वाचवायचं होतं, तीच आपल्या खरेदीनं परत ओढवून घ्यायची का? म्हणून सरकार सावकाश घेतं, थोडं थोडं घेतं. अमेरिकेनं २०२२ च्या ऑक्टोबरात जाहीर केलं की भाव ६७ ते ७२ डॉलरच्या पट्ट्यात आला की आम्ही घेऊ. डिसेंबरात पहिल्या तीस लाख पिंपांसाठी देकार मागवले, आणि जानेवारीत ते सगळे नाकारावे लागले. भाव आणि अटी जुळल्या नाहीत. भाव ठरवला, तरी त्या भावाला तेल मिळेलच असं नाही.

तीन, पैशाचं कारण. माझ्या मते खरं दुखणं हे आहे. साठा विकताना तिजोरीत पैसा येतो आणि लोकांना दिलासा मिळतो. भरताना तिजोरीतून पैसा जातो आणि लोकांना काहीच दिसत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं महामार्गांच्या खर्चाची तोंडमिळवणी करायला या साठ्यातलं ६ कोटी ६० लाख पिंपं तेल विकायचा कायदा केला. संकट नव्हतं, युद्ध नव्हतं. रस्त्यांना पैसे हवे होते, एवढंच. आपत्तीसाठी राखलेली वस्तू एकदा सोयीचा पैसा वाटू लागली, की तिला ओहोटी लागते.

तिसरा मुद्दा: भरायचं कधी, आणि कोणी?

आता आपल्या देशाकडे येऊ. सांगण्यासारखी एक अतिशय चांगली गोष्ट आपल्या नावावर आहे.

२०२० चा एप्रिल आठवा. टाळेबंदी होती, रस्ते ओस पडले होते, विमानं जमिनीवर होती. तेलाला गिऱ्हाईक नव्हतं. २० एप्रिलला अमेरिकेतल्या वायदे बाजारात तेलाचा भाव शून्याच्या खाली गेला. त्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्या देशानं तिन्ही ठिकाणच्या गुहा भरून घेतल्या. सरासरी भाव पडला पिंपाला १९ डॉलर. त्याच वर्षीच्या जानेवारीत हाच भाव ६० डॉलर होता. सरकारनं संसदेत सांगितलं की यात सुमारे पाच हजार कोटी रुपये वाचले. ज्यांनी घरात बसण्याच्या त्या दिवसांत जहाजं आणली, पंप चालवले, गुहा भरल्या, त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

त्याच वसंतात अमेरिकेच्या साठ्यात ७ कोटी ७० लाख पिंपांची जागा रिकामी होती. तिथल्या सरकारनं ती भरण्यासाठी तीन अब्ज डॉलर मागितले. संसदेनं दिले नाहीत. इतक्या स्वस्तात तेल मिळत असताना जगातला सर्वांत श्रीमंत देश दारातून परतला. का? कारण त्या घडीला कुणालाच तेलाची निकड वाटत नव्हती. पण निकड वाटत नसते, नेमकी तेव्हाच तर खरेदीची वेळ असते!

आपलं सगळं असंच शहाणपणाचं असतं, असंही नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात आपण अमेरिका, जपान आणि इतर देशांसोबत ५० लाख पिंपं सोडायचं जाहीर केलं. देशाचा साधारण एका दिवसाचा खप. पुढे २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात गुहा भरण्यासाठी पाच हजार कोटी रुपये ठेवले, आणि त्याच वर्षी ती खरेदी पुढे ढकलली गेली. २०२१ च्या जुलैत ओडिशातल्या चंडीखोलला ४० लाख टन आणि पाडूरला आणखी २५ लाख टन अशा नव्या साठ्यांना मंजुरी मिळाली. मंजुरी म्हणजे गुहा नव्हे, हे २००४ ते २०१५ या अकरा वर्षांनी आपल्याला शिकवलेलं आहे.

साठा रिता करण्याची तारीख असते, भरण्याची तारीख नसते. अमेरिकेत नव्हती, आपल्याकडेही नाही. काढण्याचा आदेश एका सायंकाळी निघतो, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात येतो. भरण्याचं काम पुढच्या अर्थसंकल्पावर, पुढच्या भावावर, पुढच्या मंत्र्यावर सोडलं जातं.

आणि आता मी आपल्या जिल्ह्याकडे येतो. कारण याच प्रश्नाची दोन उत्तरं गोंदियाच्या मातीत आहेत. एक भरून येणाऱ्या साठ्याचं, एक ओसरत गेलेल्या साठ्याचं.

भरून येणारा साठा धान्याचा. १९६५-६७ च्या दुष्काळात देश अमेरिकेच्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसला होता. १९६५ च्या जानेवारीत भारतीय अन्न महामंडळ सुरू झालं. आज केंद्रीय साठ्यात दर १ जुलैला ४११ लाख टन गहू-तांदूळ असलाच पाहिजे, असा लिखित दंडक आहे. तिमाहीगणिक आकडा ठरलेला आहे. कमी पडला की देशभर गवगवा होतो.

तरीही हा साठा भरायला किती वेळ लागतो पाहा. २०२२ च्या मार्चमध्ये उत्तरेत अवेळी उष्णतेची लाट आली, दाणा भरला नाही, युक्रेनच्या युद्धामुळे खासगी भाव चढला. आदल्या वर्षी ४३३ लाख टन गहू खरेदी झाला होता, त्या वर्षी १८८ लाख टनांवर आला. एक मार्च महिना बिघडला! २०२४ च्या एप्रिलपर्यंत गव्हाचा साठा ७५ लाख टनांवर उतरला, सोळा वर्षांतला नीचांक. खरेदी पुन्हा ३०० लाख टनांवर यायला २०२५ चा हंगाम उजाडला. तीन हंगाम गेले. पण साठा भरला, कारण दरवर्षी खरेदी केंद्र उघडतंच, हमीभाव जाहीर होतोच. भरण्याचं काम कुणाच्या मर्जीवर नाही, ते कॅलेंडरमध्ये आहे. धान निघालं की आमगाव, देवरी, सडक अर्जुनीच्या केंद्रांवर पोती मोजली जातात. ती भरडाई होऊन तांदूळ म्हणून सरकारी गोदामात जातात. देशाचा साठा भरण्याचं काम इथला शेतकरी दर खरिपात करतो, कुणी आठवण करून न देता.

आणि ओसरलेला साठा? तो तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. आपले मामा तलाव, माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत ते हजारोंनी आहेत. कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या खपून पाळी बांधल्या, पाट काढले. नवेगाव बांधचा तलाव बांधणाऱ्या कोलू पाटील कोहळींना लोकांनी देवाच्या जागी मानलं. पावसानं ओढ दिली, रोवणीनंतर बांधीतलं पाणी तुटलं, की तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडायचं आणि धान वाचवायचं. आपत्तीसाठी राखलेला साठा याहून वेगळा काय असतो?

पाऊस तलाव दरवर्षी भरत होता. पण पाळीची डागडुजी, गाळ काढणं, पाट मोकळा ठेवणं, ही माणसांनी करायची कामं होती आणि ती कोणी करायची हे गावात ठरलेलं होतं. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली. ती संपायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तलाव सरकारकडे आले. मोठे पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे. मालकी बदलली, पण राखण्याचं काम कोणाचं हे गावपातळीवर नीट ठरलं नाही. गाळ साचत गेला. काठावर आणि पात्रात बेशरमची झुडपं माजली. तलाव पावसाळ्यात काठोकाठ दिसतो, आणि भाद्रपदात तुडूम उघडलं की चार दिवसांत तळ दिसतो, कारण निम्मी जागा गाळानं खाल्लेली असते. अलीकडे काही गावांत ढीवर बांधवांनी आणि महिलांनी बेशरम उपटून, पाण्यातल्या वनस्पती पुन्हा लावून तलाव जिवंत केले आहेत. त्यांना माझा नमस्कार. पण हे काम कितीएक वर्षांच्या श्रमाचं आहे. हयगयीनं गेलेलं परत आणणं, वापरानं गेलेलं भरण्यापेक्षाही अवघड असतं.

मग करायचं काय?

धान्यानं आणि तलावानं जे शिकवलं, ते तेलाला लावून पाहू. मी तीन मागण्या मांडतो.

पहिली. गुहांतल्या तेलालाही धान्यासारखा लिखित किमान आकडा हवा, आणि तो तिमाहीगणिक जाहीर व्हावा.

दुसरी. साठ्यातलं तेल विकून आलेला पैसा वेगळ्या खात्यात राहावा आणि त्यातून फक्त तेलच घेतलं जावं. रस्ता कितीही गरजेचा असो, त्याचा पैसा दुसरीकडून यावा.

तिसरी. ज्या कागदावर साठा उघडण्याचा आदेश निघेल, त्याच कागदावर तो किती मुदतीत भरायचा हे लिहिलेलं असावं. कुणी म्हणेल, मुदत बांधली तर महागात घ्यावं लागेल. हा आक्षेप खरा आहे. म्हणून भाव बांधू नका, मुदत बांधा, आणि ती ऐसपैस ठेवा. आपला साठा अमेरिकेपेक्षा लहान आहे, हे इथे आपल्या पथ्यावर पडतं. एक मोठं तेलवाहू जहाज वीस लाख पिंपं आणतं. आपल्या तिन्ही गुहा पूर्ण रित्या झाल्या, तरी वीस जहाजांचा प्रश्न आहे. रोज एक लाख पिंपं बाजूला टाकली, तर तेरा महिन्यांत गुहा भरतात. दोन-तीन वर्षांची मुदत असेल, तर स्वस्ताईची वाट पाहायलाही सवड राहते.

हे सगळं दिल्लीत ठरणार, आपण काय करणार, असं म्हणू नका. आपल्या खासदारांना हा प्रश्न विचारता येतो. लोक भाव का वाढला हे विचारतात, गुहेत किती तेल आहे हे कुणी विचारत नाही. ज्याबद्दल कुणी विचारत नाही, त्यासाठी अर्थसंकल्पात पैसा उरत नाही, हा आपल्या लोकशाहीचा अनुभव आहे. आणि दिल्लीला विचारताना गावातही विचारा. येत्या ग्रामसभेत उभं राहा आणि म्हणा, आपल्या तलावाचा गाळ यंदा उन्हाळ्यात कोण काढणार, त्याचं नाव आणि महिना आजच लिहून घ्या. ज्या गावाला स्वतःच्या तलावाची तारीख मागता येते, त्या गावाला देशाच्या साठ्याचीही तारीख ठणकावून मागता येईल.